कार्पोची वाकडी भिंत

मैदानाच्या उत्तरेकडच्या गोलमागे कुंपण होतं आणि कुंपणामागे मेलांकाचा कोबी. चेंडू कोबीत पडला की खेळ थांबायचा, कारण मेलांका तो लगेच परत करत नसे. ती आधी कंबरेवर हात ठेवून किती गड्डे मोडले ते बघायची, मग चेंडू उचलून पदराला पुसावा तसा एप्रनला पुसायची आणि कुंपणाशी येऊन विचारायची, "कुणाचा पाय?" ज्याचा असेल त्यानं यायचं, मान खाली घालायची, चेंडू घेऊन जायचा. लेलेचिन गावच्या पोरांचे फटके उंच उडत नाहीत, जमिनीला धरून जातात, याचं बाहेरच्या लोकांना पुढे फार कौतुक वाटलं. गावाला कारण ठाऊक होतं.

मेलांका साठी ओलांडलेली, रुंद हाडाची बाई. सामुदायिक शेतीच्या दिवसांत तिथल्या खानावळीत, मग शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली. त्यामुळे दोन माणसांचा स्वयंपाक तिला कधी जमलाच नाही. नवरा गेल्यावर एका माणसाचा तर मुळीच नाही. पातेलं चुलीवर चढलं की पन्नास तोंडं गृहीत धरूनच चढायचं, आणि मग ती दुपारभर डबे घेऊन गल्लीत हिंडायची. शेजारची हाफिया म्हणायची, "मेलांके, तुझ्यामुळे या गल्लीतली कुत्रीसुद्धा चालायची विसरलीत."

नवरा कार्पो गवंडी. आणि कार्पोचं नाव निघालं की गावात कुणी ना कुणी हसायचंच, ते त्याच्या तळघरापायी. तळघर प्रत्येकाच्या अंगणात असतं. बटाटे, बीट, बरण्या ठेवायला घरापुरतं एक भुयार. कार्पोचं मात्र वाढत गेलं. दरवर्षी बर्फ वितळलं की तो फावडं घेऊन खाली उतरायचा आणि पानगळीपर्यंत मातीचे ढीग वर यायचे. गावानं त्याला 'मेट्रो' नाव ठेवलं. दुकानात पाव घ्यायला गेला की कुणीतरी विचारायचं, "काय कार्पो, कीवपर्यंत पोचली का गाडी?" तो नुसता म्हणायचा, "जागा लागते."

खरं कारण एकट्या मेलांकाला माहीत होतं. कार्पोला वाकडं सोसत नसे. पहिली भिंत बांधून झाल्यावर त्यानं मागे सरून, एक डोळा मिटून पाहिलं, तर ती केसभर तिरकी. मग ती पाडून मागे माती खणली आणि सरळ बांधली. आता तिच्यासमोर दुसरी तिरकी दिसायला लागली. तीही मागे सरकवली. मग छत पुरेना, म्हणून कमान. कमानीला आधार हवा, म्हणून खांब. एकदा तर पूर्वेची भिंत सरळ करता करता तो थेट परसात, बीटाच्या वाफ्यात बाहेर निघाला. तिथं त्यानं शांतपणे दुसरं दार बसवलं.

"कार्पो," मेलांका चहा घेऊन खाली जायची तेव्हा म्हणायची, "बटाट्यांना काय कळतंय रे, भिंत सरळ आहे की वाकडी?"

"मला कळतंय," तो म्हणायचा.

चार भिंतींपैकी तीन सरळ झाल्या. इस्पितळातल्या खाटेवर शेवटच्या दिवशी तो मेलांकाचा हात धरून एवढंच म्हणाला, "उत्तरेची राहिली गं." हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मेट्रोवर हसणाऱ्यांच्या हातात आणखी कोलीत कशाला द्या?

युद्ध सुरू झालं आणि पूर्वेकडची शहरं मोडली, तसे तिथले फुटबॉल क्लबही मोडले. घर नाही, मैदान नाही असे खेळाडू बॅगा घेऊन पश्चिमेकडे यायला लागले. लेलेचिनमध्ये सूर्यफुलाच्या तेलाचा घाणा चालवणाऱ्या झेनोन पेट्रोविचनं त्यातल्या काहींना गोदामावर कामाला ठेवलं. संध्याकाळी ते गावातल्या पोरांबरोबर गायरानावर खेळायचे. झेनोन बघायचा आणि तोंडातली सूर्यफुलाची बी चावायची विसरायचा. पुढच्या वसंतात त्यानं मैदान सपाट करून घेतलं, गवत पेरलं आणि क्लबला नाव दिलं 'लेलेका', म्हणजे करकोचा. मैदानाच्या कडेच्या विजेच्या खांबावर करकोच्यांचं घरटं होतंच. ते हलवायला कुणी तयार होईना, तेव्हा त्यालाच मान देऊन टाकला.

पहिल्या वर्षी लेलेकानं तालुक्यातल्या सगळ्यांना हरवलं. दुसऱ्या वर्षी जिल्ह्यातल्या सगळ्यांना. पेपरात फोटो आला, त्यात कोपऱ्यात मेलांकाचा कोबीही आला. आता पुढची पायरी म्हणजे व्यावसायिक लीग. पगारी खेळाडू, राजधानीतून येणारे पंच, आणि नियमांची ही थप्पी. त्या थप्पीतल्या एका नियमावर सगळं अडलं. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की सामना थांबवून दोन्ही संघांना मैदानाजवळच्या आसऱ्यात न्यायचं. आसरा नसेल तर मैदान रद्द, घरचे सामने दूर शहरात खेळायचे. शाळेच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी. चर्चखाली नुसती माती.

झेनोन एका सकाळी मेलांकाच्या दारात येऊन उभा राहिला. गावातला सगळ्यात श्रीमंत माणूस, पण टोपी काढून हातात धरलेली.

"मावशी," तो म्हणाला, "कार्पोकाकांचं तळघर बघू का जरा?"

मेलांकानं त्याला खालून वर न्याहाळलं. शाळेत असताना दुकानाच्या पायरीवर बसून 'मेट्रो आली, मेट्रो आली' ओरडणाऱ्यांत हाही होता. ती म्हणाली, "तिकीट काढावं लागेल."

झेनोनचे कान लाल झाले. "काढतो, मावशी."

राजधानीतून इंजिनिअर आला. तो कंदील घेऊन उतरला आणि बराच वेळ वर आलाच नाही. भिंती ठोकल्या, कमान मोजली, खांबाला खांदा लावून पाहिला. दुसरं दार दिसल्यावर तर त्याचा चेहरा सणाच्या दिवसासारखा उजळला, कारण दोन दारांचा नियम सगळीकडे नडत होता. वर आल्यावर त्यानं विचारलं, इतकं मोठं तळघर घरगुती वापरासाठी कशाला बांधलं होतं?

मेलांका म्हणाली, "जागा लागते."

त्या संध्याकाळी हाफिया बाकावर येऊन बसली. तिचा मुलगा लुकाश लेलेकाचा पहिला गोलरक्षक. आता तो सीमेवर खंदकात होता आणि रोज रात्री आईला फोन करून आधी निकाल, मग तिची तब्येत विचारायचा. हाफिया सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणाली, "लुकाशला सांगितलं. म्हणाला, कार्पोकाकांना आधीच दिसलं होतं की काय?"

"त्याला भिंत दिसायची, बाकी काही नाही," मेलांका म्हणाली. पण त्या दिवसापासून गावात मेट्रो म्हणताना कुणी हसेनासं झालं, हे तिच्या लक्षात आलं. कार्पोच्या नावाचं हसू थांबायला कार्पो जाऊन इतकी वर्षं लागावीत याचं तिला वाईटही वाटलं, आणि बरंही.

व्यावसायिक लीगमध्ये लेलेकाचं बरं चाललं. युद्धामुळे प्रेक्षकांना आत मनाई होती, म्हणून गाव कुंपणाबाहेरून बघायचं: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून, गोदामाच्या छपरावरून. हाफियाची जागा स्वतःच्या चेरीच्या झाडावर, शिडीच्या वरच्या पायरीवर. मेलांका मात्र आपल्याच अंगणात, कोबीजवळ स्टूल टाकून बसायची. तिला हटवण्याचा अधिकार कुठल्याच लीगला नव्हता.

शरदात 'ख्विल्या'चा संघ आला. नदीकाठच्या मोठ्या बंदराच्या शहरातला, गुणतक्त्यात सगळ्यांच्या वर. त्यांचा प्रशिक्षक अर्काडी ल्वोविच उंची ओव्हरकोट घालून मैदानावर असा चालत होता, जणू बुटाला काही लागेल. पूर्वार्ध संपता संपता भोंगा वाजला. पंचांनी शिट्टी मारली आणि दोन्ही संघ, पंच, डॉक्टर, सगळे मेलांकाच्या अंगणातून पायऱ्या उतरून खाली गेले.

आणि इथं मेलांकाकडून ते घडलं, ज्याची पुढे राजधानीत चर्चा झाली. तिच्या डोळ्यांसमोर चित्र होतं ते एवढंच: माझ्या घरात परगावचे पाहुणे आलेत आणि कोरडे बसलेत. सामना, गुण, लीग, सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं. सकाळीच तिनं वारेनिकी केल्या होत्या, बटाटा आणि परतलेला कांदा भरून उकडलेल्या करंज्या. अर्थात पन्नास माणसांच्या. त्या लोण्यात लडबडून खाली आल्या. मग फळ्यांवरच्या बरण्या उघडायला लागल्या: खारवलेले टोमॅटो, बडीशेपेतल्या काकड्या, मुरवलेल्या अळंब्या. मग डुकराच्या चरबीचे लसूण चोळलेले पातळ काप आणि काळा पाव. मग साय.

लेलेकाच्या पोरांनी हात पुढे केला तसा तिनं एकाच्या मनगटावर पळी मारली. "पाहुणे जेवल्याशिवाय घरच्यांनी ताटाला हात लावायचा? उठा. वाढायला लागा."

पोरं उठली. ख्विल्याचे खेळाडू भिंतीला टेकून बसले आणि यजमान संघ वाकून, उठून, पायऱ्या चढून-उतरून त्यांना वाढत राहिला. अर्काडी ल्वोविचनं सुरुवातीला आपल्या लोकांना नजरेनं दटावलं. मग मेलांका स्वतः ताट घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"घ्या."

"आभारी आहे, पण सामना आहे."

"एक घ्या."

त्यानं एक घेतली. मेलांका हलली नाही. "एकच? आमच्यावर राग आहे?" त्यानं दुसरी घेतली. देमिद नावाचा त्यांचा बचावपटू होता, दारातून तिरका होऊन आत आलेला, इतका आडवातिडवा. त्यानं तिसऱ्या ताटानंतर विचारलं, "काकू, या टोमॅटोत काय घालता?" त्यावर मेलांकाचा जीव सुपाएवढा झाला आणि चौथं ताट आलं. भोंगा काही थांबेना. देमिदनं डोकं भिंतीला टेकलं आणि तो चक्क घोरायला लागला.

धोका टळल्याचा भोंगा वाजला तेव्हा लेलेकाची पोरं चढउतार करून घामाघूम आणि उपाशी होती. ख्विल्याचे लोक एकमेकांना हात देऊन उठवत होते. उत्तरार्ध काय सांगावा? हाफिया झाडावरून लुकाशला फोनवर सांगत होती, "अरे, ते पळत नाहीयेत, शतपावली घालतायत. तो मोठा तर गोलखांबाला टेकून उभा आहे." लेलेकानं तीन गोल केले. लुकाशनं विचारलं, "मेलांकाकाकूनं वाढलं काय होतं?" हाफियानं सांगितलं. पलीकडे खंदकातल्या सगळ्यांना तो एकेक पदार्थ ओरडून सांगत गेला, आणि हसण्याचा आवाज चेरीच्या झाडापर्यंत आला.

अर्काडी ल्वोविच हसला नाही. त्यानं तक्रार केली. यजमानांनी ठरवून, कट करून पाहुण्या संघाला निकामी केलं.

चौकशीला ल्युबोमीर अंतोनोविच आले. लीगचे सामनाधिकारी, काटकुळे, इस्त्रीचे. कुठल्याही क्लबचा चहासुद्धा घेत नाहीत अशी त्यांची ख्याती. मेलांकाच्या टेबलावर सगळं मांडलेलं होतं. त्यांनी त्यातलं काही बघितलंच नाही असं दाखवत पिशवीतून स्वतःचा डबा काढला, त्यातलं उकडलेलं अंडं सोललं, टरफलं रुमालात बांधली आणि म्हणाले, "बाई, मला साखरेचा आजार आहे. आणि तत्त्वंही आहेत. आता सांगा, हे जेवण कुणाच्या सांगण्यावरून दिलंत?"

"सांगण्यावरून?" मेलांकाला प्रश्नच कळला नाही. "ते खाली बसले होते ना."

"बसले होते. मग?"

"मग काय? बसलेल्या माणसाला वाढतात."

ल्युबोमीर अंतोनोविचांनी ते उत्तर वहीत शब्दशः उतरवून घेतलं. मग त्यांनी देमिदचा जबाब सांगितला, की त्याला कुणी जबरदस्ती केली नव्हती. उलट टोमॅटोची कृती राहूनच गेली. निकाल आठवड्याभरात आला. गोल कायम राहतील, कारण वारेनिकींविरुद्ध नियम नव्हता. पण आता केला होता. यापुढे आसऱ्यात यजमानांनी फक्त पाणी द्यायचं. एक चमचा जरी दुसरं काही वाढलं, तर तळघराची मान्यता रद्द, आणि लेलेकानं घरचे सामने शहरात जाऊन खेळायचे.

झेनोननं ते वाचून दाखवलं तेव्हा मेलांकानं एप्रनच्या खिशातून तळघराची किल्ली काढली, टेबलावर ठेवली, परत उचलली आणि खिशात टाकली.

"नाही देणार."

"मावशी, असं काय करता?"

"माझ्या बरण्यांसमोर माणसं उपाशी बसणार? कार्पोच्या तळघरात? त्यापेक्षा बटाटे बसू देत."

झेनोननं समजावलं, तेलाचे डबे देऊ केले, शेवटी नुसताच बसून राहिला. मन वळवलं ते हाफियानं, तेही तिच्या पद्धतीनं. ती म्हणाली, "नको देऊस. सामने शहरात जाऊ देत. मग मी झाडावर चढून कोबी बघीन, आणि लुकाशला रोज सांगीन की आज कोबी जिंकला. कार्पोचं तळघर पुन्हा मेट्रो. तुला तेच बघायचंय ना?"

दुसऱ्या दिवशी मेलांकानं पेटीतल्या जुन्या चादरी काढल्या आणि तळघरातल्या एकूण एक फळीवर पडदे ठोकले. पाहुण्यांना बरण्या दिसायलाच नकोत. तरी हिवाळ्याआधीच्या दोन सामन्यांत भोंगा झाला तेव्हा ती खाली पाण्याची घागर ठेवून, दाराशी भिंतीकडे तोंड करून बसली. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला बघवत नाही."

वसंतात करकोचे परत आले आणि लेलेका हरायचंच विसरला. हंगामाचा शेवटचा सामना आला तेव्हा हिशेब सोपा होता: वरच्या लीगमध्ये जायला लेलेकाला बरोबरी पुरे, ख्विल्याला जिंकायलाच हवं. आणि सामना लेलेचिनमध्ये.

ल्युबोमीर अंतोनोविच आले ते चिडूनच. बस वाटेत बंद पडली, दुसऱ्या गाडीत चढण्याच्या घाईत डब्याची पिशवी पहिल्या बसमध्येच राहिली. झेनोननं बिस्किटं पुढे केली. त्यांनी हातानंच नको म्हटलं. मेलांकानं कुंपणावरून पाहिलं आणि हाफियाला म्हणाली, "त्या माणसाच्या हातात आज डबा नाही."

"तुझी नजर कुठं असते बघ," झाडावरून हाफिया म्हणाली. "कुणी चेंडू बघतं, ही डबा बघते."

लेलेकानं आधी गोल केला, जमिनीला घासत. ख्विल्यानं फेडला. एक-एक. उत्तरार्ध निम्मा झाला आणि भोंगा वाजला.

खाली चादरींचे पडदे, घागर, दोन्ही भिंतींना दोन संघ. ल्युबोमीर अंतोनोविच मधोमध स्टुलावर ताठ बसलेले, त्यांचे डोळे फळ्यांवर. देमिदनं एका पडद्याचा कोपरा बोटानं उचलला.

"काय करतोस?" अर्काडी ल्वोविच खेकसला.

"नुसतं बघतोय."

वेळ जात राहिला. मेलांका नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून बसली होती, म्हणून तिला दिसलं नाही, ऐकू आलं: स्टूल करकरलं आणि काहीतरी हलकं, कापडासारखं, जमिनीवर पडलं. वळून पाहते तर ल्युबोमीर अंतोनोविच. चेहरा पिठासारखा, कपाळावर घाम, ओठ हलताहेत पण शब्द नाही. लेलेकाच्या डॉक्टरनं गुडघे टेकून त्यांची नाडी धरली आणि म्हणाला, साखर उतरली आहे, काहीतरी गोड द्या, लगेच. त्याची औषधांची पेटी वर, मैदानावर राहिली होती.

सगळं तळघर मेलांकाकडे बघायला लागलं. पडद्यामागे, तिच्या हाताच्या अंतरावर, मधाची बरणी होती. झेनोननं डोळे मिटले. मेलांकानं पडदा ओढला तो खिळ्यासकट खाली आला. बरणी काढली, झाकण उघडलं, एप्रनमधून लाकडी चमचा काढून मधात बुडवला. त्या क्षणी तिला पुरतं ठाऊक होतं की हा तो एक चमचा आहे. मैदान जाणार, कार्पोचं तळघर पुन्हा बटाट्यांचं होणार, आणि दुकानाच्या पायरीवर पुन्हा कुणीतरी हसणार. तिनं पाऊल उचललं.

वाटेत अर्काडी ल्वोविच आडवा आला.

"काकू, तो चमचा माझ्याकडे द्या."

"बाजूला व्हा. काय तक्रार करायची ती मग करा."

"द्या म्हणतो ना." त्यानं तो तिच्या हातातून घेतलाच. मग उंची ओव्हरकोटासकट तो मातीत बसला, ल्युबोमीर अंतोनोविचांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मध त्यांच्या ओठांना लावला. बाळाला चाटवावा तसा, थोडा थोडा. मध कोटाच्या बाहीवर ओघळला. त्यानं बरणी मागितली, दुसरा चमचा भरला, तिसरा भरला.

रंग परत आला. ल्युबोमीर अंतोनोविचांनी डोळे उघडले, ओठ चाटले, उघडी फळी पाहिली, बरणी पाहिली. माणूस सरळ होता, तेव्हा पहिलं वाक्य हेच आलं: "हे मला कळवावं लागेल."

"कळवा ना," अर्काडी ल्वोविच म्हणाला. "पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकानं तुम्हाला मध चाटवला. यजमानांनी मला फक्त चमचा दिला. चमच्याला बंदी आहे का?"

ल्युबोमीर अंतोनोविचांनी विचार केला. खरंच केला, डोळे मिटून, पडल्या पडल्या. "चमच्याचा उल्लेख नाही," ते शेवटी म्हणाले.

मेलांकानं अर्काडी ल्वोविचकडून चमचा परत घेतला. तो बाही पुसत पुटपुटला, "गेल्या वेळी तुमच्या वारेनिकी मी एकोणीस खाल्ल्या होत्या. एवढ्या कुणी जबरदस्तीनं खात नाही. तक्रारीत ते लिहायचं राहिलं होतं."

भोंगा थांबला. वर उरलेला खेळ झाला आणि या वेळी दोन्ही बाजू सारख्याच उपाशी होत्या, त्यामुळे पळाल्याही सारख्याच. ख्विल्यानं शेवटी सगळे लोक पुढे आणले. कोपऱ्यातून चेंडू आला, देमिद सगळ्यांच्या वर उठला आणि त्यानं डोकं मारलं. चेंडू आडव्या दांड्याला चाटून वर गेला, खांबावरचा करकोचा पंख फडफडवत उभा राहिला, आणि चेंडू कोबीत पडला. पंचांनी लांब शिट्टी मारली.

ट्रॉल्या, छपरं, झाडं, सगळीकडून गाव खाली ओघळलं. हाफिया शिडीवरून उतरेना. ती फोनमध्ये रडत होती आणि लुकाशला तेवढंच ऐकू येत होतं, तर तो पुन्हा पुन्हा विचारत होता की हरलो का.

मेलांकानं कोबी बघितला. दोन गड्डे, कोवळे. चेंडू पुसून ती कुंपणाशी आली. "कुणाचं डोकं?"

ख्विल्याच्या संघातून देमिद निघाला, अख्खं मैदान चालत आला आणि तिच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला. डोळे ओले होते. तिनं चेंडू त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "आता सामना संपला ना?"

"संपला, काकू."

"मग नियमही संपला. सगळ्यांना खाली घेऊन ये."

त्या दुपारी भोंगा नसताना दोन्ही संघ तळघरात उतरले. चादरी एकूण एक खाली आल्या. या वेळी लेलेकाच्या पोरांना मनगटावर पळी बसली नाही, कारण कोण पाहुणा आणि कोण घरचा हे मेलांकालाच ठरवता येईना. देमिदला टोमॅटोची कृती मिळाली: चेरीच्या झाडाची पानं. ल्युबोमीर अंतोनोविचांनी पाच वाजल्याचं घड्याळात पाहिलं, आपलं काम पाचला संपतं असं सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं आणि ताट पुढे केलं.

झेनोन मात्र खात नव्हता. तो टोपी हातात घेऊन खांबाशी उभा होता आणि मेलांकाला ती टोपी ओळखीची झाली होती.

"बोल आता," ती म्हणाली.

"मावशी, वरच्या लीगचा नियम वेगळा आहे. तिथं प्रेक्षकांना थोडं आत येऊ देतात. पण जेवढे प्रेक्षक, तेवढी आसऱ्यात जागा लागते." तो घुटमळला. "म्हणजे अजून जरा खणावं लागेल. कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. सगळंच इतकं नीट बांधलंय काकांनी."

मेलांकानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती माणसांमधून वाट काढत टोकाला गेली, मागे सरली, एक डोळा मिटला. मग उत्तरेच्या भिंतीवर तळहात ठेवून म्हणाली, "ही बघ. ही केसभर वाकडी आहे. इथून खण."